बातम्याकडे जायचं होतं

दातारांचं आडनाव दातार नव्हतं. ते कवळ्या करत, म्हणून लोकांनी ते नाव त्यांना चिकटवलं होतं, आणि पस्तीस वर्षांत ते इतकं घट्ट बसलं की खऱ्या आडनावाने पत्र आलं तर पोस्टमन खालच्या औषधाच्या दुकानात चौकशी करी. दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत काम चाले, मागच्या खोलीत सामान. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकाखाली डॉक्टरचं नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी. शहरातले सात-आठ दातांचे डॉक्टर रुग्णांची मापं घेऊन त्यांच्याकडे पाठवत आणि दातार त्या मापांवर दात उभे करत. ज्या तोंडांत ते जायचे ती तोंडं त्यांना सहसा दिसत नसत. त्यामुळे रस्त्यात कुणी त्यांच्याकडे बघून हसलं, की ते आधी त्याचे दात बघत आणि मग माणूस.

त्यांचा एकच जुना मित्र उरला होता. शाळेत तो एका वर्गातली भांडणं दुसऱ्या वर्गात पोचवायचा, म्हणून त्याचं नाव बातम्या पडलं. पुढे तो खरंच रेडिओवर बातम्या वाचायला लागला. मग नव्या लोकांना वाटू लागलं, की नाव त्यावरूनच पडलं असणार. तो दूरच्या शहरात राहायचा. जायचं तर वाटेत एकदा विमान बदलावं लागे. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलं नव्हती, आणि निवृत्तीनंतर तो दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटाच होता. दर रविवारी सकाळी दोघं फोनवर बोलत. प्रत्यक्ष भेटून मात्र अकरा वर्षं उलटली होती. भांडण वगैरे काही नव्हतं. जायला निमित्त नव्हतं, एवढंच.

निमित्त एका रविवारी फोनवरच ऐकू आलं.

"कवळी सैल झालीय का रे तुझी?" दातारांनी मध्येच विचारलं.

"कशावरून?"

"'सकाळ' म्हणताना शिट्टी वाजतेय."

बातम्या खाकरला. मग म्हणाला, "बेसिनमध्ये पडली. तडा गेला. मी चिकटवलीय."

"कशाने?"

"चपलेला लावतात ना, त्याने."

दातारांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. ती कवळी त्यांनी स्वतः केली होती, वीस वर्षांपूर्वी, बातम्या त्यांच्याकडे आठवडाभर राहायला आला होता तेव्हा. वरचे दात बसवताना त्यांनी त्याच्याकडून पानंच्या पानं मोठ्याने वाचून घेतली होती, कारण त्याचं पोटच जिभेवर चालत होतं.

"तिथे डॉक्टर नाहीत का?"

"आहेत की. दोघांकडे जाऊन आलो. एकाच्या हाताला साबणाचा वास येत होता. दुसरा मला आजोबा म्हणाला."

"मग?"

"मग काय. सूप पितोय. बाहेर कुठे जात नाही फारसा. दुकानात साखर मागायची म्हटलं तरी समोरचा पोरगा हसतो."

"मी येतो," दातार म्हणाले.

वास्तविक तोंडात हात घालायचा अधिकार डॉक्टरांचा. दातारांचं काम प्लास्टरच्या नमुन्यापुरतं. पण बातम्याच्या तोंडाला कुणाची परवानगी लागते असं त्यांना वाटलं नाही.

तिकीट लेकीने काढलं. ती फिजिओथेरपिस्ट होती, पुढच्या चौकात राहायची आणि दुपारचे रुग्ण आटोपले की वडिलांकडे चहाला यायची. बुधवारी जायचं, रविवारी परत. दातारांनी दोन दिवस खपून बॅग भरली. माप घ्यायचे ट्रे, मेणाच्या पट्ट्या, दातांचे रंग जुळवायची पट्टी, कोरायच्या सुऱ्या, प्लास्टरचं पुडकं, आणि गुलाबी पावडरीत मिसळायचं ते पातळ रसायन, ज्याचा वास त्यांच्या अंगालाच कायमचा लागला होता. लेक आली, तिने बॅग उघडून पाहिली आणि फोनवर विमान कंपनीचे नियम काढले.

"बाबा, ही बाटली चालणार नाही. पेट घेणारं आहे हे."

"मी काय तिथे काडी ओढणार आहे?"

"आणि ही पांढरी पावडर पिशवीत बांधून तुम्ही विमानतळावर जाणार?"

दातारांनी विचार केला आणि पावडर बाहेर काढली. बाटलीही काढली. बातम्याच्या शहरात त्यांच्याच धंद्यातला एक ओळखीचा होता, त्याला फोन करून सामान आणि दोन दिवस बाकावर जागा मागून घेतली. तो आनंदाने हो म्हणाला. बॅगेत ट्रे, मेण, सुऱ्या आणि रंगांची पट्टी एवढंच राहिलं.

निघायला नऊ दिवस असताना कंपनीचा निरोप आला. आपल्या सोयीसाठी आपल्या प्रवासाच्या वेळेत बदल करण्यात आला आहे, असं त्यात लिहिलं होतं. दातारांनी तो तीनदा वाचला. पहिलं विमान आता मधल्या शहरात दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी उतरणार होतं. तिथून पुढचं विमान दीड वाजता सुटत होतं.

लेकीने कंपनीला फोन लावला. पलीकडून गाणं सुरू झालं. गाणं म्हणजे गाण्याची नुसती सुरुवात, तीच पुन्हा पुन्हा. तिने फोन टेबलावर ठेवला आणि दोघांनी चहा घेतला. दातारांनी एका खालच्या जबड्यावर चार दात बसवले. पाचव्या दाताला माणूस बोलला.

"तुमची दोन्ही तिकिटं पक्की आहेत," तो म्हणाला.

"पक्की आहेत हो," लेक म्हणाली, "पण दुसरं विमान पहिलं पोचायच्या आधीच सुटतंय."

"मला इथे दोन्ही हिरवी दिसतायत."

"हिरवी दिसू देत. पण माणूस तीनला उतरून दीडच्या विमानात चढेल कसा?"

माणसाने तिला थांबायला सांगितलं. गाण्याची सुरुवात आणखी सात-आठ वेळा झाली. शेवटी बुधवारऐवजी गुरुवार मिळाला. लेकीने फोन ठेवला तेव्हा तिचा कान लाल झाला होता. दातारांनी बातम्याला कळवलं.

"म्हणजे गुरुवार, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं," बातम्याने सवयीने वेळ पुन्हा म्हणून दाखवली. 'संध्याकाळ'मध्ये शिट्टी वाजली. "कॅलेंडरवर लिहितो."

गुरुवारला चार दिवस उरले असताना दुसरा निरोप आला. एका जातीच्या विमानांची इंजिनं तपासायला घेतली होती, त्यामुळे मधल्या शहरातून पुढे आता रोज विमान नव्हतं. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. गुरुवारचं रद्द. पुढे काय, ते निरोपात नव्हतं. फोन लावला तर आता गाणंही लागेना, नुसता टूं टूं आवाज. लेकीने हात टेकले.

"मी स्वतः जातो," दातार म्हणाले. "त्यांचं कुठेतरी ऑफिस असेलच की."

ऑफिस होतं. मोठ्या रस्त्यावरच्या एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर, काचेच्या दारामागे. चार खिडक्या होत्या आणि त्यातली एक चालू होती. दातारांना चौसष्ट नंबरचा कागद मिळाला आणि भिंतीवर एकेचाळीस दिसत होता. खुर्च्या भरलेल्या, त्यामुळे ते भिंतीला टेकून उभे राहिले. शेजारी एक बाई पासपोर्टांची चळत छातीशी धरून बसली होती. एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी बजावत होते, की कापड आलं नाही तरी शिवायला सुरुवात करा. कुणी ओरडत नव्हतं. ओरडायचे लोक बहुधा सकाळीच येऊन गेले असावेत.

दातारांना उभं राहायची सवय होती. तासाभरात ते खिडकीच्या जवळ सरकले आणि काउंटरवरची बाई त्यांना नीट दिसू लागली. पंचेचाळिशीची असेल. प्रत्येकाला तीच चार वाक्यं सांगत होती, आवाज न चढवता, आणि मधल्या वेळात तिच्या गालाचा स्नायू कानापाशी हलत होता. नंबर आला तेव्हा दातार बसले, कागद पुढे केला, आणि ती बोलू लागली तसे तिच्या दातांकडे बघत राहिले.

"शुक्रवार भरलाय," ती म्हणाली. "यादीत नाव घालू का?"

"तुम्ही झोपेत दात खाता," दातार म्हणाले.

तिची बोटं थांबली. "काय?"

"सुळ्यांची टोकं सपाट झालीयत. इतकी सपाट उगाच होत नाहीत. सकाळी उठल्यावर जबडा दुखतो का?"

बाईने आजूबाजूला पाहिलं. "नवरा म्हणतो करकर आवाज येतो म्हणून. मला वाटायचं, घोरण्यावरून मी त्याला बोलते, म्हणून काहीतरी उलट काढतोय."

"खरं बोलतोय तो. डॉक्टरकडे जा आणि झोपताना घालायचं कव्हर करून घ्या. नाहीतर दहा वर्षांनी तुमचं माप माझ्या टेबलावर येईल."

ती हसली नाही, रागावलीही नाही. पडद्याकडे बघत तिने बरीच बटणं दाबली. "पुढचा मंगळवार आहे. एकच जागा, मधली. घेता?"

दातारांनी घेतली. बाहेर येऊन त्यांनी लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, की तुम्ही त्यांना सल्ला दिलात म्हणून जागा मिळाली. त्यांना तसं वाटलं नाही. जागा एकच होती आणि नंबर त्यांचा होता. बाईने त्रेसष्ट नंबरवाल्यालाही तितक्याच शांतपणे त्याच्या शहराची जागा शोधून दिली होती.

मंगळवारी ते विमानतळावर वेळेआधी पोचले. सुऱ्या असलेली बॅग आधीच सामानात गेली होती. त्यांना त्यांची मधली जागा मिळाली. एका बाजूला झोपलेला माणूस, दुसऱ्या बाजूला शब्दकोडं सोडवणारी एक म्हातारी. दारं बंद झाली. विमान जागेवरून हललं, थोडं पुढे गेलं आणि थांबलं. अर्ध्या तासाने वैमानिकाचा आवाज आला, की एक दिवा लागायला हवा तो लागत नाहीये. आणखी अर्ध्या तासाने आवाज आला, की आता लागला आहे, पण तो विझायला हवा.

"ठरवा म्हणावं एकदाचं," म्हातारी कोड्यावरची नजर न काढता म्हणाली.

दीड तासाने सगळ्यांना खाली उतरवलं. बसने परत आणलं, सँडविचची कुपनं वाटली, आणि दोन वाजता फळ्यावर त्यांच्या विमानापुढे 'रद्द' आलं. लोक फळ्याखाली जमले आणि पांगले. सामान परत मिळायला आणखी तास गेला. तेवढ्या वेळात दातारांनी बातम्याला फोन लावला.

"आज नाही रे. विमान गेलंच नाही."

"बरं," बातम्या म्हणाला. त्याच्यामागे बराच गलबला होता, कुणीतरी काहीतरी जाहीर करत होतं. दातारांना वाटलं, रेडिओ चालू असेल. "मग आता कधी?"

"शुक्रवार भरलाय. पुढच्या आठवड्याचं कळवतो म्हणालेत."

"बरं. घरी जा. जेवून घे."

दातार बसने घरी आले. बॅग दाराजवळ ठेवली आणि तशीच राहू दिली. बुधवारी ते नेहमीप्रमाणे कामाला लागले. डॉक्टर मंडळींनी आठ दिवसांचं काम साठवून ठेवलं होतं, तेही सगळं एकदम आलं.

त्या रविवारी बातम्याने स्वतःहून फोन केला. पहिल्या वाक्यालाच दातारांच्या लक्षात आलं. स, श, च, सगळं स्वच्छ. बातम्या वाचायच्या वेळचा आवाज होता तो.

"दात झाले," बातम्या म्हणाला.

"कुठे केलेस?"

"तो आजोबा म्हणणारा. चार दिवसांत करून दिले. काल मिळाले."

"बसतात नीट?"

"बसतात. पेरू खाल्ला." मग तो म्हणाला, "तेव्हा आता तुझी धावपळ नको. सावकाश ये."

"बरं झालं," दातार म्हणाले. पुढे ते हवेबद्दल बोलले आणि बातम्याच्या इमारतीच्या गळक्या टाकीबद्दल. फोन ठेवल्यावर दातार कामाच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांनी मेणात दाढ बसवली, बाजूला केली, पुढची घेतली. संध्याकाळी नमुना दिव्याखाली धरून पाहिला, तर डावीकडची दाढ उजवीकडे बसली होती. असं त्यांच्या हातून शिकाऊ असतानाही झालं नव्हतं. त्यांनी मेण तापवलं आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून लावली.

त्यांना वाईट वाटलं होतं का, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. माणसाला दात मिळाले, तो पेरू खातो, यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. फक्त दाराजवळची बॅग आता कशाची आहे हे समजेना. सोमवारी सकाळी त्यांनी ट्रे, मेण, सुऱ्या आणि रंगांची पट्टी काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवली. आत दोन सदरे, एक स्वेटर आणि दाढीचं सामान उरलं.

त्याच दिवशी दुपारी कंपनीतून फोन आला. काउंटरवरचीच बाई होती. दातारांनी तिला आवाजावरून ओळखलं, तिने त्यांना ओळखलं की नाही ते कळलं नाही. ती म्हणाली, की तीनदा बदल झाल्यामुळे तिकिटाचे सगळे पैसे परत मिळू शकतात, किंवा या शुक्रवारी एक जागा रिकामी झाली आहे, ती मिळू शकते. जायचं तर शुक्रवार ते मंगळवार. पाच वाजेपर्यंत सांगायचं.

लेक चहाला आली तेव्हा तिने सरळच सांगितलं. "पैसे घ्या, बाबा. मोकळे व्हा. या विमानांनी नाकी नऊ आणलेत."

"हं."

"आता जाण्याचं काही कारणही राहिलं नाही. दात तर झाले."

"जायचं ठरलंय ना पण."

"ते दातांसाठी ठरलं होतं."

दातारांनी बशीतला चहा संपवला. "मग नुसता भेटायला जातो."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही आजपर्यंत कुणाला नुसतं भेटायला गेलायत?"

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं, तरी दातारांनी खरंच आठवून पाहिलं. ते दवाखान्यात डबा द्यायला गेले होते. कुणाचं सामान हलवायला गेले होते, कुणाच्या लग्नात उभं राहून वाढायला गेले होते, मयताला गेले होते. भावाकडे जायचे ते त्याचा नळ दुरुस्त करायला. बायको होती तेव्हा लोकांकडे जाणं-येणं ती बघायची. ते तिला सोडायला जात आणि न्यायला जात.

"नसेन," ते म्हणाले.

"मग तिथे चार दिवस करणार काय?"

"ते मला माहीत नाही."

चार वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी फोन करून शुक्रवार घेतला. बातम्याला कळवलं. "शुक्रवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं," तो म्हणाला, आणि मग, "मी येतो घ्यायला."

"काही गरज नाही. पत्ता आहे माझ्याकडे."

"बरं," बातम्या म्हणाला.

शुक्रवारी काहीच घडलं नाही. पहिलं विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. मधल्या शहरात दातारांनी दोन तास बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे दात पाहिले. दुसरं विमानही वेळेवर सुटलं, वारा पाठीमागून होता म्हणे, आणि ते चाळीस मिनिटं आधीच पोचलं. बॅग हातातच होती. ते सगळ्यांच्या आधी बाहेर पडले आणि टॅक्सीत बसून बातम्याच्या पत्त्यावर गेले.

दुसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. त्यांनी फोन लावला, तर फोन कुलपाच्या आत वाजू लागला. तो वाजत असतानाच समोरचं दार उघडलं. एक जाड भिंगांच्या चष्म्याची बाई बाहेर आली, हातात कणीस सोलायला घेतलेलं.

"तुम्ही दातवाले का?"

"हो."

"ते विमानतळावर गेलेत तुम्हाला आणायला."

"मी नको म्हणालो होतो. कधी गेले?"

"बाराला. बसचा भरवसा नाही म्हणाले." तिने आतून एक खुर्ची आणून जिन्याच्या तोंडाशी ठेवली. "बसा. त्या मंगळवारीही असेच गेले होते. बिचारे संध्याकाळी परत आले."

"मंगळवारी विमानच रद्द झालं," दातार म्हणाले. "मी दोन वाजताच कळवलं होतं त्याला."

"तुम्ही कळवलंत तेव्हा ते तिथेच होते की. अकरालाच गेले होते. शर्ट इस्त्री करून घेतला होता माझ्या मुलीकडून. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

दातारांनी नाही म्हटलं. फोनमधला तो गलबला त्यांना आठवला. खुर्चीत बसून त्यांनी बॅग मांडीवर घेतली. बाई दारातच उभी राहून कणीस सोलत होती. बातम्याने गेल्या महिनाभरात घराबाहेर पडणंच कसं सोडलं होतं, टाकीच्या मीटिंगलाही चिठ्ठी लिहून कशी पाठवली होती, आणि मंगळवारी विमानतळावर जातानाही तोंडावर रुमाल कसा धरला होता, हे तिने सांगितलं. दातार ऐकत होते. मध्ये त्यांनी एकदा विचारलं, की मंगळवारी परत आल्यावर तो काय म्हणाला.

"काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, तो दातांचा डॉक्टर किती वाजता उघडतो."

बातम्या पावणेपाचला आला. जिन्यावरून आधी त्याचा आवाज आला, तो खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी सांगत होता, की विमानं आता लवकरही येऊ लागली आहेत, माणसाने करायचं काय. तो वर आला. वाळला होता. केस पार गेले होते. इस्त्रीचा शर्ट बसमध्ये चुरगळला होता. दातारांना बघून तो कठड्याला धरून क्षणभर थांबला.

"मी तीन वीसला फळ्यासमोर उभा," तो म्हणाला, "आणि फळ्यावर लिहिलंय, दोन चाळीसला आगमन."

"फोन घरी ठेवून गेलास."

"घाईत राहिला." त्याने कुलूप काढलं आणि दातारांच्या हातातली बॅग घेतली. "एवढी हलकी?"

"हत्यारं आणली नाहीत."

घरात दोन खोल्या होत्या, आवरलेल्या. बाहेरच्या खोलीत रेडिओ, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीवर कॅलेंडर. त्यावर तीन तारखा खोडलेल्या आणि चौथीभोवती गोल. दातारांनी हात धुतले आणि बातम्याला खिडकीपाशी बोलावलं.

"आ कर."

बातम्याने आ केला. दातारांनी डोकं तिरकं करून पाहिलं, मग वरचे दात अंगठ्याने किंचित दाबून पाहिले. हिरड्यांची रेघ नैसर्गिक होती. पुढचा एक दात मुद्दामच केसभर वाकडा बसवला होता, म्हणजे कुणाला शंका येऊ नये. डॉक्टर तरुण असला तरी त्याचा कवळी करणारा जुना माणूस असणार.

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "मी केलेल्यापेक्षा चांगलं."

"हो. मलाही तसंच वाटलं."

दातार खुर्चीत बसले. "मग मला सावकाश ये का म्हणालास? मला वाटलं, येऊ नको म्हणतोयस."

बातम्याने चहाचं पाणी ठेवलं आणि गॅसकडे तोंड करूनच बोलला. "मंगळवारी मी तिथे पाच तास बसलो. बसल्या बसल्या हिशेब केला. तू चार दिवस येणार. पहिल्या दिवशी माप घेणार. मग दोन दिवस त्या तुझ्या ओळखीच्याच्या बाकावर जाऊन बसणार. चौथ्या दिवशी माझ्या तोंडात वाकून घासत बसणार आणि मला बोलू देणार नाहीस. की तुझी जायची वेळ. म्हटलं, हे काम आपलं आपण उरकून टाकावं."

"हे फोनवर सांगायचं होतंस."

"फोनवर असलं काही सांगता येतं का?"

चहा झाला. बातम्याने विचारलं, की लेक कशी आहे, आणि दातारांनी सांगितलं. मग समोरच्या बाई उकडलेली कणसं घेऊन आल्या, ती दोघांनी खाल्ली. मग बोलण्यासारखं काही आठवेना, तेव्हा बातम्या उठला आणि म्हणाला, की तुझ्यासाठी घडीची खाट आणलीय, ती अजून उघडलेली नाही.

खाट खोक्यातच होती. त्यांनी ती बाहेरच्या खोलीत ओढून आणली. आत लोखंडी नळ्या, एक जाड कापड, सोळा स्क्रू आणि एक कागद होता. बातम्याने चष्मा लावला आणि उभं राहून कागद वाचू लागला, सावकाश, प्रत्येक विरामावर थांबत. पाय क्रमांक एक, उजव्या चौकटीत, बाणाच्या दिशेने. दातार जमिनीवर गुडघे टेकून बसले होते.

"बाण कुठे आहे?"

"कागदावर आहे. नळीवर नसावा."

त्यांनी पाय एक आणि पाय तीन बसवले. मग कळलं, की तीन म्हणजे खरं दोन. दातारांनी ते काढले. बातम्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. तासाभराने खाट एका बाजूला उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला राहीना. दातारांच्या बोटांना असल्या कामाची सवय होती, पण ही नळी मेणासारखी ऐकत नव्हती. बातम्या तिच्या वरच्या टोकावर बसला, दातारांनी खालचं टोक ओढलं, आणि तेवढ्यात कापड एका बाजूने सुटून बातम्या अलगद जमिनीवर आला. बसल्या जागीच तो हसू लागला. आधी दातार त्याला लागलं का म्हणून विचारत होते. मग त्यांनाही हसू आवरेना, आणि किती तरी वेळ दोघांपैकी कुणालाच उठता आलं नाही.

"परत द्यायची का दुकानात?" बातम्याने डोळे पुसत विचारलं.

"उद्या बघू. सकाळी काय करतोस तू?"

"काही नाही. तळ्यापर्यंत चालत जायचो पूर्वी. आता बऱ्याच दिवसांत गेलो नाही."

"किती लांब आहे?"

"अर्धा तास. तुझ्या चालीने पाऊण."

"जाऊ," दातार म्हणाले, आणि उरलेले स्क्रू गोळा करून त्यांनी ते एका बशीत ठेवले.